वाई ते सहार

निरोप देण्याची एक ठरलेली जागा पूर्वी असे. आम्हा वाईकरांची ती जागा म्हणजे वाठार स्टेशन. महाबळेश्वरला हवा खायला येणारी बडी मंडळी तेथे उतरत, आणि वाईची शिकणारी मुले, नोकरीवाले, माहेराहून परतणाऱ्या लेकी तेथूनच गाडीत चढत. माझे आजोबा मॅट्रिकनंतर मुंबईला निघाले तेव्हा घरची आणि शेजारची मिळून अकरा माणसे त्यांना पोचवायला वाठारला गेली होती, असे अण्णा सांगत. गाडी हलली की ही माणसे खिडकीचा गज धरून चार पावले चालत, मग थोडी धावत, आणि फलाट संपला की थांबत. कोठे थांबायचे हे कोणाला ठरवावे लागत नसे. फलाटच ते ठरवी.

विमानतळाला फलाट नाही. तेथे एक दार आहे, दाराशी बंदूकधारी जवान आहे, आणि ज्याच्यापाशी तिकीट व पारपत्र आहे त्यालाच तो आत सोडतो. बाकीच्यांनी काचेबाहेर उभे राहायचे, तेही मागच्या मोटारीचा हॉर्न वाजेपर्यंत. म्हणून कोणाला मुंबईच्या विमानतळावर पोचवायला जायचे तर खरी पोचवणूक होते ती रस्त्यातच. जे काही बोलायचे, रुसायचे, हसायचे ते त्या आठ-दहा तासांत, मोटारीत, सगळ्यांच्या देखत. २०२२ च्या सप्टेंबरात असा एक दिवस आम्ही काढला, त्याची ही हकीकत.

माझा धाकटा भाऊ श्री २००३ पासून अमेरिकेत असतो. त्याची पत्नी मेधा आणि नऊ वर्षांचा ईशान यांच्यासह तो तीन आठवड्यांसाठी घरी आला होता. निमित्त अण्णांच्या पक्षाचे. अण्णा गेले ते २०२१ च्या एप्रिलमध्ये. साथीने नव्हे, हृदयाने, आणि घरीच. पण साथीने आपले काम निराळ्या रीतीने केलेच. २३ मार्च २०२० पासून २७ मार्च २०२२ पर्यंत भारतातून परदेशी जाणारी नेहमीची विमाने बंद होती. खास विमाने येत-जात, पण श्रीजवळ होता तो नोकरीचा व्हिसा. आला असता तर परत जाता येईल याची शाश्वती नव्हती. अण्णा गेल्यानंतर दोनच आठवड्यांनी, ४ मे २०२१ पासून, अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना, स्वतःचे नागरिक आणि कायमचे रहिवासी असे काही अपवाद सोडून, दार बंद केलेच. तेव्हा श्रीने वडिलांचे अंत्यदर्शन घेतले ते फोनच्या वीतभर काचेत, आणि फोन धरणारा हात माझा होता.

मला श्रीला एक गोष्ट सांगायची होती. सतरा महिने ती माझ्याजवळ पडून होती. तीन आठवडे तो घरात होता, आम्ही दोघे रोज कृष्णेच्या घाटावर फिरायला जात होतो, ढोल्या गणपतीच्या देवळामागे पुराचे पाणी कापण्यासाठी बांधलेल्या त्या मत्स्याकार भिंतीपाशी तासन्‌तास बसत होतो. पण गोष्ट काही ओठांवर आली नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता निघण्याचा दिवस उजाडला.

तो उजाडला असे म्हणणेही जरा धाडसाचेच. आभाळ भरून आले होते आणि बुरबुर चालू होती. ओसरीवर सहा बॅगा ओळीने उभ्या होत्या. विमान कंपनीने माणशी तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा नेऊ द्याव्यात आणि आमच्या आईने त्या भराव्यात, यापरते भांडणाचे कारण दुसरे नाही. ताणकाट्याला लावलेली शेवटची बॅग साडेचोवीस किलो भरली. काय काढायचे यावर चर्चा झाली. भाजणी काढायला आई तयार नव्हती, मेतकूट काढायला मेधा तयार नव्हती. शेवटी श्रीचे बूट निघाले. ते अजून आमच्या फडताळात आहेत.

मुंबईकडे जाणारी माणसे पहाटे निघतात. आम्ही मात्र पावणेनऊला निघालो, आणि त्याला कारण अण्णांचा पर्जन्यमापक. अण्णांनी बत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. परसात, पेरूच्या झाडापासून दूर, उघड्यावर त्यांनी हे यंत्र बसवले होते. यंत्र कसले, गोल तोंडाचे एक नरसाळे, त्याखाली बाटली आणि मोजायला रेघांची काचनळी. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला मागल्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा. अण्णांच्या मागे हे काम आईने आपल्याकडे घेतले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई गुडघ्यावर हात ठेवून परसात उतरली, ईशानने तिच्यावर छत्री धरली, आणि दोघांनी नळी डोळ्यांसमोर धरून आकडा वाचला.

"बारा पूर्णांक चार," ईशानने वर्दी दिली. मराठी आकड्यांपैकी त्याला वीसपर्यंतचेच येत होते, त्यामुळे पाऊस बेताचा पडला हे त्या दृष्टीनेही बरेच झाले.

गाडी भाड्याची, सात जणांची. चालक संपत. विमानतळावर माणसे पोचवण्यात त्याची हयात गेलेली. त्याने बॅगा टपावर चढवल्या, वरून ताडपत्री बांधली, दोरीला शेवटची गाठ मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"सायेब, येक आत्ताच सांगून ठिवतो. काय बोलायचं-रडायचं आसंल ते खंडाळ्यात उरकून घ्यायचं. वर इमानतळावर गाडी दोन मिंटं बी हुबी करू देत न्हाईत."

मेधा हसली. मी संपतशेजारी पुढे बसलो. मधल्या बाकावर आई, श्री आणि मेधा. मागे आमच्या सौ. आणि ईशान. सुरूर फाट्याला हमरस्त्याला लागेपर्यंत काचेवरचे वायपर चालू होते. वेळे सोडून खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो तेव्हाही चालू होते. बोगद्यातून बाहेर आलो आणि संपतने ते बंद केले. पलीकडे पाऊस नव्हताच. रस्ता कोरडा, शेतात बाजरी, आभाळ धुवट निळे.

"इथे पाऊस का नाही?" ईशानने विचारले.

हा प्रश्न आमच्या घरात तीन पिढ्या याच ठिकाणी विचारला जात आला आहे. श्री मागे वळला आणि मराठी-इंग्रजीच्या मिश्रणातून त्याने मुलाला समजावले. समुद्रावरून ओले वारे येतात. वाटेत सह्याद्री उभा. वारा वर चढतो, चढता चढता गार होतो, गार झाला की त्याच्याने पाणी धरवत नाही. ते तो घाटमाथ्यावर टाकून देतो. पुढे उतरतो तेव्हा हात रिकामे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस. तेथून अठरा-एकोणीस किलोमीटरांवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही नाही. वाईला त्याहून कमी. आणि या खंडाळ्याला पाचशेच्या आसपास.

"पण खंडाळ्यात तर खूप पाऊस असतो, आई म्हणाली."

"तो खंडाळा वेगळा. दुपारी लागेल. हा सातारचा खंडाळा."

एकाच नावाची दोन गावे, एका दिवसाच्या वाटेवर. एक चार हजार मिलिमीटरांच्या घरातले आणि दुसरे पाण्याच्या टँकरची वाट पाहिलेले. अण्णा वर्गात म्हणत, परीक्षेत खंडाळ्याचा पाऊस विचारला तर आधी कुठला खंडाळा ते विचारा, मग लिहा. श्रीने हे वाक्य अगदी अण्णांच्या हेलात म्हटले. गाडीत कोणीच काही बोलले नाही. आईने खिडकीची काच थोडी खाली घेतली.

शिरवळ मागे पडले, नीरेचा पूल ओलांडला, खेड-शिवापूरच्या नाक्यावर रांगेत उभे राहिलो. ऊन चढू लागले. नव्या कात्रज बोगद्यातून पुण्याच्या बाजूला उतरलो तेव्हा टळटळीत दुपार वाटावी असा उकाडा होता, आणि चांदणी चौकात मोटारींचे नुसते संमेलन भरले होते. त्या दिवसांत चांदणी चौकाची कोंडी ही सबंध महाराष्ट्राला ठाऊक झालेली गोष्ट होती. तेथला जुना पूल पाडायचे ठरले होते, आणि पुढे २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर तो सुरुंग लावून पाडलाही. पण आम्ही गेलो तेव्हा तो जागेवर होता आणि आम्हीही जागेवरच होतो. सव्वा तास.

दोघा भावांना अवघड गोष्ट बोलायची नसली म्हणजे ते घराच्या कौलांविषयी बोलतात. आम्ही त्या सव्वा तासात कौले, परसातली पडकी भिंत, शेजाऱ्यांच्या चिंचेची आपल्या बाजूला आलेली फांदी आणि नळपट्टी एवढे विषय निकालात काढले. श्री म्हणाला, "दुरुस्तीचा खर्च मी पाठवतो, दादा." मी म्हणालो, "निम्मा." तो म्हणाला, "सगळा. बाकी सगळं तूच तर केलंस." हे तो कृतज्ञतेने म्हणाला होता, आणि नेमके तेच मला टोचले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर पाहण्यासारखे एका ट्रकच्या मागच्या फळीखेरीज काही नव्हते.

द्रुतगती मार्ग लागल्यावर गाडीने वेग घेतला. हा साधारण पंचाण्णव किलोमीटरांचा रस्ता २००२ मध्ये पूर्ण झाला. श्री त्यानंतर वर्षभराने गेला, त्यामुळे तो रस्ता त्याच्या जाण्यासाठीच बांधला अशी आईची काहीशी समजूत आहे. तळेगाव येईपर्यंत उन्हे होती. मग समोरचे डोंगर दिसेनासे झाले. ढग उतरत होते की रस्ता चढत होता हे कळेना. कामशेतच्या पुढे पहिली सर आली, लोणावळ्याला दुसरी, आणि ती थांबण्याच्या आत तिसरी. संपतने विचारलेसुद्धा नाही. त्याने गाडी द्रुतगती मार्गावरून काढून जुन्या रस्त्याला घातली आणि खंडाळ्यात राजमाची पॉइंटपाशी एका चहाच्या टपरीसमोर उभी केली.

"धा मिंटं," तो म्हणाला आणि ताडपत्रीच्या गाठी तपासू लागला.

बायकांनी गाडीतच दशम्यांचा डबा उघडला. दशमी, शेंगदाण्याची चटणी, दहीभात. ईशानने दहीभात खाल्ला आणि दशमीचे तुकडे माकडांना दाखवून घाबरून परत घेतले. श्री आणि मी चहाचे पेले घेऊन एका छत्रीखाली कठड्याशी गेलो. तेथून दरीपलीकडे राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, दिसायला हवेत. दिसत होता तो कठडा, आणि त्यापलीकडे पांढरे काहीतरी, त्यातून पाण्याचा आवाज. अण्णा आम्हाला येथे प्रथम घेऊन आले तेव्हाही असेच धुके होते. त्यांनी न दिसणारी एकेक जागा बोटाने दाखवली होती: ही नागफणी, तो राजमाची, खाली रेल्वेचा मार्ग. १८६३ मध्ये या घाटातून आगगाडी सुरू झाली, आणि तो मार्ग खोदताना हजारो मजूर कामी आले, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. श्रीने विचारले होते, त्यांची नावे कुठे लिहिली आहेत? अण्णांना उत्तर देता आले नव्हते, आणि त्याचे त्यांना पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होते.

मी म्हणालो, "श्री, अण्णांचं तुला एक सांगायचं राहिलंय."

तो चहा फुंकीत होता. थांबला.

"शेवटच्या दिवसांत मी तुला फोनवर सांगत होतो, थोडा थकवा आहे, उतार पडेल. तसं नव्हतं. डॉक्टरांनी शुक्रवारीच सांगितलं होतं, की फार तर चार-पाच दिवस. अण्णांनी माझ्याकडून शब्द घेतला, तुला कळवायचं नाही. म्हणाले, तो निघून येईल आणि इथे अडकेल. नोकरी जाईल, मेधा आणि पोर तिकडे एकटी पडतील."

"आणि तू शब्द दिलास."

"दिला."

पाऊस वाढला. छत्री एक आणि माणसे दोन, त्यामुळे माझा उजवा आणि त्याचा डावा खांदा भिजत होता.

"सोमवारी रात्री मी फोन केला होता," तो म्हणाला. "तू म्हणालास, झोपलेत."

या प्रश्नाची मला सतरा महिने भीती होती. बाकी सगळ्याला अण्णांचा शब्द ही ढाल होती, याला नव्हती. त्यांनी मला हे सांगायला सांगितले नव्हते. मीच घाबरलो होतो, की आवाज ऐकला तर याला कळेल.

"जागे होते," मी म्हणालो.

श्रीने पेल्यातला उरलेला चहा दरीत टाकला. मग अगदी हळू, पण एकेक अक्षर सुटे करून म्हणाला, "तू मराठीचा मास्तर आहेस, दादा. कुठला शब्द गाळायचा ते तुला बरोबर कळतं." आणि छत्री माझ्या हाती ठेवून तो भिजत गाडीकडे गेला.

यावर काय बोलायचे असते ते मला आजही ठाऊक नाही. मी टपरीवाल्याचे पैसे चुकते केले, पेले परत दिले. गाडीत मेधा टॉवेलने श्रीचे डोके पुसत होती आणि विचारीत होती, छत्री असून असे कसे भिजलात? आईने माझ्याकडे पाहिले, मग श्रीकडे पाहिले, आणि डबा बंद केला.

घाट उतरताना अमृतांजन पुलाची जागा आली. बाम विकणाऱ्या पाटीवरून नाव पडलेला तो १८३० सालचा दगडी पूल, २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा सापडला तेव्हा पाडून टाकला. एरवी मी ही माहिती ईशानला सांगितली असती. मी गप्प राहिलो. श्रीही गप्प होता. ईशानने मागून दोनदा विचारले, "बाबा, आता खाली उतरलो, मग पाऊस का आहे?" प्रश्न बिनतोड होता. उतरणीला पाऊस थांबतो हे खंबाटकीला शिकवले होते, आणि येथे तर उतरावे तसा पाऊस चालूच.

शेवटी आईनेच उत्तर दिले. "तिकडे आपण डोंगराच्या पाठीशी होतो, बाळा. इकडे आपण त्याच्या पुढ्यात आलो. वारा इकडून येतो." अण्णांबरोबर संसार करून आईला किती भूगोल येतो हे आम्हा दोघा मुलांना तोवर ठाऊक नव्हते.

खालापूरच्या पुढे ढग फाटले. प्रबळगड आणि इरशाळगड स्वच्छ धुतलेले उभे होते. हिरवेगार, अंगावर धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा. मेधाने गाडीतूनच छायाचित्रे काढली. पुढल्याच वर्षी, २०२३ च्या जुलैत, त्या इरशाळच्या अंगावरची दरड खालच्या वाडीवर आली आणि झोपेतली माणसे गाडली गेली. मेधाने तेव्हा तिकडून ते छायाचित्र मला पाठवले होते. खाली काही लिहिले नव्हते.

पनवेलला ऊन आणि घाम. पनवेलच्या त्या बाजूस उलव्याकडे तेव्हा नव्या विमानतळाचे काम चालू होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. वाईकरांचा रस्ता त्यामुळे कधीमधी खाडीच्या अलीकडेच संपेल. संपतला त्याचा आनंद नाही. भाडे कमी होईल, असे तो म्हणतो.

वाशीच्या खाडीपुलावर आलो तेव्हा पश्चिमेला ढगांच्या खालून सूर्य निघाला होता आणि सगळी खाडी पितळेच्या परातीसारखी झाली होती. पुलाच्या मुंबईकडच्या टोकावर मात्र काळेभोर आभाळ. अर्धा पूल उन्हात, अर्धा पावसात. आमच्या सौ. म्हणाल्या, "कोल्ह्याचं लग्न!" ईशानला ते समजावून सांगण्यात मानखुर्द आले. तो इतका हसला की श्रीच्याही तोंडावर जरा हसू आले. पण मी मागे पाहिले तेव्हा ते गेले होते.

२००३ साली श्री प्रथम गेला तेव्हा आमच्या घरून, आत्याकडून आणि अण्णांच्या शाळेतून मिळून एक ट्रॅक्सभर माणसे सहारला आली होती. झेंडूचे हार होते, नारळ होता, शाळेतल्या एका गुरुजींनी छोटेसे भाषणही केले होते. श्रीला त्याची फार लाज वाटली होती. आता तेथे २०१४ साली उघडलेली नवी इमारत आहे. मोराच्या पिसाऱ्याची नक्षी घातलेले तिचे छत पाहायला मान वर करावी लागते. तिच्याकडे उंचावरून जाणारा एक रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर शिरले की मोटारींना मागून रेटा बसावा तशी घाई सुटते.

पावणेसात वाजले होते. वळिवासारखा पाऊस कोसळत होता, पण वर छत असल्याने तेथे त्याचा नुसता आवाज येत होता. संपतने गाडी कडेला घेतली, टपावर चढला आणि अर्ध्या मिनिटात सहा बॅगा खाली दिल्या. शिट्टी वाजली. मी दोन ढकलगाड्या आणल्या. मेधा वाकून सौ.च्या पाया पडली, माझ्या पडली. पुन्हा शिट्टी वाजली.

आई खाली उतरू शकली नाही. इतका वेळ बसून तिचे गुडघे आखडले होते, आणि उतरवायला वेळ नव्हता. श्री उघड्या दारातून आत वाकला. पायांपर्यंत त्याचा हात पोचेना, तेव्हा त्याने तिच्या गुडघ्यांना हात लावला आणि तसाच क्षणभर डोके टेकून राहिला. आईने त्याच्या केसांवरून हात फिरवला. म्हणाली, "केस अजून ओलेच आहेत रे." तेवढेच म्हणाली. ईशान पलीकडच्या खिडकीशी गेला होता. "आजी, रोज मोजशील? मला नंबर पाठव." आईने मान हलवली.

माझ्याशी श्रीने हात मिळवला. आम्ही भाऊ कधी हात मिळवीत नाही. मग तो गाडी ढकलीत त्या दाराकडे गेला, पारपत्रे दाखवली, आणि काचेच्या आत झाला. मेधा वळून हात हलवीत होती. तो वळला की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण तिसरी शिट्टी आमच्यासाठी होती आणि संपतने गिअर टाकला होता.

परत निघाल्यावर गाडी एकदम मोठी वाटू लागली. सौ. मधल्या बाकावर आईशेजारी येऊन बसल्या. चेंबूरपर्यंत कोणी बोलले नाही. वाशीला पाऊस नव्हता, पनवेलला चांदणे असावे असा उजेड होता. संपतने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. साडेनऊच्या सुमारास आम्ही खालापूरच्या नाक्याच्या आसपास होतो तेव्हा माझा फोन वाजला.

"आत आलो," श्री म्हणाला. "सगळं झालं. सामान बरोबर भरलं, एक किलो कमीच."

"बरं झालं."

"आई जेवली?"

"दशमी खाल्ली थोडी."

मग बराच वेळ नुसता विमानतळाचा आवाज. कोणाच्या तरी नावाचा पुकारा.

"दादा, बोर्डिंगला एक तास आहे," तो म्हणाला. "सोमवारची रात्र मला सांग. पहिल्यापासून. काही गाळू नकोस."

संपतने माझ्याकडे एकदा पाहिले आणि गाडीचा वेग कमी केला. "फुडं घाटात रेंज जाती, सायेब," असे म्हणून त्याने नाक्यापुढच्या उपाहारगृहांच्या आवारात, दिव्यापासून जरा लांब, गाडी उभी केली. सौ. संपतला घेऊन चहाला गेल्या. आई मागे मान टाकून डोळे मिटून बसली होती.

मी सांगू लागलो. सोमवारी संध्याकाळी अण्णांनी पेज मागितली आणि दोन चमचे घेतली. आठाच्या सुमारास त्यांना बरे वाटले, उशीला टेकून बसले, श्रीच्या शाळेतल्या एका बक्षिसाची गोष्ट त्यांनी अर्धी सांगितली आणि पुढे ते कोणाला मिळाले ते आठवेना. मग श्रीचा फोन आला. मी तो घेऊन ओसरीवर गेलो. परत आत आलो तेव्हा त्यांनी विचारले, कोण होते? मी म्हणालो, शाळेतून. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना कळले असावे असे मला वाटते. हे सांगताना मी थांबलो. पलीकडून श्री म्हणाला, "हं. पुढे."

पुढे पहाटे दोनच्या सुमारास वारा सुटला आणि वळीव आला. कौलांवर टपोरे थेंब वाजू लागले. अण्णा जागे झाले. आईला म्हणाले, खिडकी उघड. मातीचा वास आत आला. बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, सकाळी मोजा. त्यानंतर ते बोलले नाहीत. साडेपाचला गेले.

श्री काही म्हणेना. त्याच्या मागे पुन्हा एक पुकारा झाला, कोठल्या तरी दुसऱ्या विमानाचा. मग त्याने विचारले,

"मोजला का?"

"हो," मी म्हणालो. "चार मिलिमीटर."

"चार पूर्णांक सहा," मागून आई म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते. "साडेआठला मोजला. तुम्ही सगळे तेव्हा बाहेर तयारीला होतात. दे इकडे फोन."